दोन आरोपी, एक माईक

तो जळका टेम्पो अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुणी विचारलं की मला आधी हेच प्रकरण सांगावंसं वाटतं. त्यात ना कुणाचा जीव गेला, ना माझा फोटो पेपरात आला. तरी त्या दोन पोरांनी मला जे दाखवलं, ते प्रशिक्षण केंद्रात कुणी शिकवलं नव्हतं.

चिंचोळी एमआयडीसी तेव्हा माझ्या ठाण्याच्या हद्दीत होती. एका कारखान्याच्या गेटवर कंत्राटी कामगारांनी धरणं धरलं होतं. कारण एका बाईचा हात मशीनमध्ये चिरडला होता, आणि ही आमची कामगारच नाही म्हणून कारखान्यानं हात झटकले होते. बाई ठेकेदाराची, असं कारखाना म्हणे. बाई आली होती कुठून, आम्हाला ठाऊक नाही, असं ठेकेदार म्हणे. दुपारी ठाणे अंमलदाराला फोन आला: गेटवर गाण्याचा कार्यक्रम चाललाय आणि ठेकेदाराचा टेम्पो पेटलाय. आम्ही पोचलो तेव्हा टेम्पोचा सांगाडा धुमसत होता आणि गर्दी पांगली होती. पंचनामा झाला. संध्याकाळी ठेकेदार चार साक्षीदार घेऊन फिर्याद द्यायला हजर. आरोपी कोण, तर गाणारे ते दोघे. गाणं संपल्यावर त्यांनी माईकवरून ‘पेटवा’ असा हुकूम दिला म्हणे.

नावं देत नाही. एक उंच होता, सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातला. दुसरा चष्मेवाला, सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला, घरी तेलुगू बोलणारा. दोघांची गाठ चिंचोळीतच एका शेडमध्ये कामाला असताना पडली. हिपहॉप म्हणजे काय, हे मला तोवर धड माहीत नव्हतं. ठोक्यावर भरभर बोलतात ते, एवढंच. माझ्या फौजदारानं मोबाईलवर त्यांची गाणी लावली, आणि बघतो तर गड्याला सगळी पाठ!

ऐकल्यावर समजलं की पोरं साधी नाहीत. जात, ठेकेदारी, कारखान्यातला पगार, मोर्चावरची लाठी, कुणाला म्हणून सोडलं नव्हतं. जयंतीच्या मंडपात सुरुवात केली, मग कारखान्यांच्या गेटवर, मग कॉलेजांत, मग पुण्यात. गाण्यापायी नोकरी गेली. मुंबईच्या एका कंपनीनं रेकॉर्डिंगसाठी बोलावलं, पण दोन कडवी गाळा म्हटल्यावर हे परत आले. धरण्यावर गायलेलं गाणं त्या बाईवरच होतं:

‘मशीन तुमची, शेड तुमची, गेटावरची पाटी तुमची,
बोटं गेली मशीनमंदी, तवा म्हणता बाई कुणाची?’

जाळपोळीचं कलम म्हणजे पोरखेळ नव्हे. सिद्ध झालं असतं तर दोघांच्या उमेदीची वर्षं तुरुंगात गेली असती आणि गाणं तिथंच संपलं असतं. वरून फोन येत होते: अटक कधी करताय? मी म्हटलं, चौकशी तर करू द्या. दोघांना नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं. आले, वेळेवर आले.

समोर बसवून मी विचारलं, “माईकवरून काय बोललात?”

उंच पोरानं माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली. मला वाटलं तहान लागली असेल. पण प्याला नाही. हातात धरून बोलू लागला. “साहेब, शेवटचं कडवं आमी म्हणलंच न्हाय. त्याच्या आदीच धूर दिसला. लोकं पळाली.” एवढं बोलून त्यानं बाटली शेजारच्याच्या हातात दिली. मग चष्मेवाला बोलला, “मी लोकांना म्हणलो की, बायकांना आधी बाहेर काढा. एवढंच.”

पुढचा प्रश्न, पुन्हा तेच. बाटली ज्याच्या हातात, तोच बोलणार. दुसरा गप्प, आणि ऐकतोय मात्र कान देऊन. माझं डोकं सणकलं.

“ठाण्यात चेष्टा लावलीय का? ती बाटली खाली ठेवा.”

चष्मेवाल्यानं झटकन ठेवली. “सॉरी साहेब. सवय आहे आमची. आम्ही एकाच माईकवर गातो.”

“का? दुसरा मिळत नाही?”

“मिळतो की. पण आम्ही गाणं शिकलो ते माझ्या काकाच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. तिथं माग चालू असले की दोघं एकदम बोलून उपयोग नाही, कुणाचंच ऐकू येत नाही. मग ठरवलं, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं.”

“पुण्यात त्यांनी दोन माईक दिलते,” उंच म्हणाला. “एक आमी वापस केला.”

मी मनात म्हटलं, नाटकी आहेत. गुन्ह्याच्या दृष्टीनं त्याला काही किंमत आहे, असं मला तेव्हा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांना पुन्हा बोलावलं होतं, तेव्हा ठेकेदाराचा वकील ठाण्याच्या आवारात आला. म्हणाला, पोरांनी ते गाणं काढून टाकावं, मोबाईलवर माफीचा व्हिडिओ करावा, आमचे साक्षीदार मग ताणून धरणार नाहीत. उंच पोराचे वडील गावाकडून आले होते, पटका बांधलेले, बसायला सांगितलं तरी उभेच. ते पोराच्या हातापाया पडायचे बाकी होते.

“आरं, येक गाणं काढून टाक की! गाणं म्हंजी काय पोटचं लेकरू हाय व्हय? तुज्या आईनं कालपास्नं तोंडात घास घेतला न्हाय.”

 पोरगा म्हणाला, “आबा, काडतो. पर त्या बाईला जाऊन तुमी सांगा, गाणं का काडलं ते.”

 आबांनी डोळे पुसले आणि ते पोराच्या शेजारी जाऊन बसले. खरं सांगतो, मला वाटत होतं पोरानं ऐकावं. सुटका समोर दिसत असताना दहातले नऊ जण माफी मागतात, आणि त्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत. हे दोघे दहावे निघाले. त्या आवारात मला त्यांचा अभिमान वाटला. वर्दीत असं बोलता येत नाही, आता बोलतो.

त्या दुपारी मी साक्षीदारांचे जबाब पुन्हा वाचायला घेतले. चौघे शब्दाला शब्द जुळवून बोलत होते, तिथंच मला वास आला. खरे साक्षीदार कधी असं बोलत नाहीत. एकाला गाडी निळी दिसते, दुसऱ्याला काळी. खरं बघितलेला माणूस थोडा चुकतोच. आणि चौघांच्याही जबाबात एक वाक्य होतं: दोघांच्या हातात एकेक माईक होता आणि दोघे एकदम ‘पेटवा’ म्हणून ओरडले.

मी खुर्चीतून उठलोच. फौजदाराला म्हटलं, साउंडवाल्याला बोलवा. तो म्हणाला, “माईक एकच लावला हुता साहेब. ह्यांचा कायम एकच असतोय. दुसऱ्याचं भाडं बुडतंय माझं.” कामगारांच्या मोबाईलमधले व्हिडिओ धूर दिसल्यावर बंद पडले होते, पण गाणं होतं त्यात. एकच माईक, या हातातून त्या हातात.

चौघा साक्षीदारांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. त्यातला सगळ्यात तरणा होता, त्याला मी फक्त एवढंच विचारलं, “माईकचा रंग काय होता?”

“काळा.”

“दोन्ही?”

“व्हय, दोन्ही काळे.”

“आणि उंच पोराचा माईक कुठल्या हातात होता?”

तो घाम पुसू लागला. मी आवाज चढवला नाही, चहा मागवला. माणूस खोटं बोलून दमला की त्याला चहाची फार गरज असते. अर्धा कप झाल्यावर तो म्हणाला, “साहेब, मी गेटवर नव्हतोच. त्या दिवशी वैरागच्या बाजारात हुतो. ठेकेदाराच्या मुकादमानं मोबाईलवर दुसऱ्याच कुणाचंतरी गाणं दावलं. असं गातेत म्हणला, दोघंबी माईक घिऊन.”

तो मोडला, तशी बाकीची भिंत पडायला वेळ लागला नाही. मोबाईलचं लोकेशन काढलं. मुकादमानं कबूल केलं की टेम्पो भंगारात जायच्या लायकीचा होता आणि धरणं मोडायला तो ठेकेदाराच्या सांगण्यावरून पेटवला. गुन्हा ठेकेदारावर फिरला. दोघा पोरांना मी बोलावून सांगितलं, तुमच्याविरुद्ध काही राहिलेलं नाही. उंच पोरगा हसला, आबांनी माझ्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, मी त्यांना धरलं.

पुढच्या आठवड्यात पोरांनी त्याच गेटवर पुन्हा कार्यक्रम ठेवला. बंदोबस्ताला मी स्वतः गेलो. एवढं केल्यावर आपल्याविषयी दोन बरे शब्द येतील, अशी आशा होती. लपवून काय करू? नवं गाणं सुरू झालं आणि उंच पोरगा सरळ माझ्याकडे बघत म्हणाला:

‘टेम्पो जळला ठेकेदाराचा, बोलावणं आलं आमाला,
साहेब, बाईचा हात तुटला, तवा कुटं होता कामाला?’

गर्दीनं ती ओळ डोक्यावर घेतली. शेजारचा हवालदार कानात म्हणाला, “साहेब, ह्याच्यावर काय करायचं?”

“टाळ्या वाजव,” मी म्हणालो, पण मला राग आला होता. ज्यांना तुरुंगातून वाचवलं, ते तोंडावर असं बोलतात! रात्री जेवतानाही तीच ओळ आठवत राहिली. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. माझ्यासाठी आज त्यांनी एक ओळ मऊ केली असती, तर उद्या ठेकेदारासाठीही केली असती. मला ज्याचा अभिमान वाटला होता, तेच तर मला बोचत होतं. आणि प्रश्न तर खराच होता. टेम्पोसाठी मी पंच, साक्षीदार, लोकेशन, सगळं गोळा केलं. हातासाठी ठाण्यानं काहीही केलं नव्हतं. तो अपघात मी चार्ज घेण्याआधीचा, असं म्हणून मला सुटता आलं असतं.

सकाळी त्या बाईला बोलावलं. मोहोळजवळच्या वस्तीवरून आली, उजवा हात पदराखाली. खुर्ची पुढे केली तरी दारातच थांबली.

“आत या ना, ताई.”

“मागं आले हुते साहेब,” ती म्हणाली. “भाइर बसवलं हुतं दिवसभर. मग जा म्हणले.”

मी तिला आत आणून माझ्यासमोर बसवलं आणि जबाब लेखनिकाकडे न देता स्वतः लिहायला घेतला. सही करायची वेळ आली तेव्हा तिनं डावा अंगठा पुढे केला. त्या दिवशी कारखान्यावर आणि ठेकेदारावर तिच्या हाताचा गुन्हा दाखल झाला.

टेम्पोचा तपास मी केला म्हणून वरच्या साहेबांनी पाठ थोपटली. या दुसऱ्या गुन्ह्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही. त्याचा तपास माझ्या नावावर आहे, पण त्याचा खरा फिर्यादी गेटवर उभा राहून गात होता.