ठोकेसाहेबांचा कान

ठोकेसाहेब कुठेही गेले की बसायच्या आधी भिंतीला टकटक करायचे. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण पूल तपासणाऱ्या आमच्या ऑफिसात ते फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी ते बिबवेवाडीत एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला गेले, तिथेही सगळं घर ठोकून पाहिलं आणि यजमानांना म्हणाले, "सहा फरश्या पोकळ आहेत. श्रीखंड उत्तम."

शहरातून जाणाऱ्या हमरस्त्यावरचा एक म्हातारा पूल त्यांच्याकडे होता. मी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला त्याच्या पोटाखाली नेलं. "कांबळे, आतली सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट सुटायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. हातोडी मारली की मात्र पूल खोटं बोलत नाही." धड जागी टणक आवाज यायचा आणि सुटलेल्या जागी रिकाम्या डब्यासारखा. मला त्याचं एवढं वेड लागलं की घरी मी जिन्याचे खांब ठोकायला लागले. आई म्हणाली, "अगं, शेजारी काय म्हणतील?"

परांचीवर चढून साहेब हातोडी मारायचे, माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "काय म्हणतोय?" मी "भरीव" किंवा "पोकळ" सांगायचे, ते वहीत लिहायचे. शिकवावं तर असं, हे मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरले. मात्र एवढा जाणता माणूस माझं एकही उत्तर खोडत कसा नाही, याचं कुतूहल होतंच.

एकदा फार धूळ होती, म्हणून स्कूटरवर येताना तोंडाला बांधलेला स्कार्फ मी पुलाखालीही सोडला नाही. साहेबांनी हातोडी मारली. "काय म्हणतोय?" मी म्हटलं, "पोकळ." साहेब क्षणभर माझ्या तोंडावरच्या कापडाकडे बघत राहिले आणि त्यांनी वहीत लिहिलं, 'भरीव'.

मी स्कार्फ खाली ओढला. "साहेब, पोकळ म्हटलं मी."

त्यांचं पेन थांबलं. "नीट ऐकू येत नाही मला," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. तुमचे ओठ बघून लिहितो."

मला रागही आला आणि रडूही. वर्षभर मी ज्याला शिकवणं समजत होते, ते माझे कान उसने घेणं होतं. मग एकदम लक्षात आलं. "साहेब, मी यायच्या आधीचं वर्ष? तेव्हा कोण ऐकत होतं?"

त्यांनी वही मिटली. वरून एक कंटेनर गेला आणि परांची थरथरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या साहेबांच्या टेबलावर पत्र ठेवलं. माझी शेवटची दोन वर्षांची पाहणी धरू नये, मला ऐकू येत नाही, पूल पुन्हा तपासावा, एवढंच त्यात होतं. मोठे साहेब कळवळून म्हणाले, "अहो, चार महिन्यांवर निवृत्ती आली तुमची. सगळी नोकरी नावाजलेली. कशाला हे?" ठोकेसाहेब म्हणाले, "निवृत्ती मला आहे. पुलाला नाही."

पुन्हा पाहणी झाली. आता हातोडी माझ्या हातात होती. मधल्या तुळईत, त्यांनी एकट्याने 'भरीव' लिहिलेल्या तीन जागा पोकळ निघाल्या. जड वाहनं बंद झाली, डागडुजी होईपर्यंत अर्ध्या शहराने आम्हाला शिव्या घातल्या. ऑफिसातही काहीजण साहेबांकडे बघून कुजबुजायचे. साहेबांना ते ऐकू जात नव्हतं, पण दिसत होतं.

निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ उरकून ते मला पुलाखाली घेऊन गेले. दुरुस्त केलेल्या तुळईवर त्यांनी तळहात टेकवला आणि डोळे मिटले. मी शेजारी हातोडी मारली. खूप वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काय म्हणतोय?"

"भरीव," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि ते जिन्याकडे वळले. पुढच्या वर्षी साहेब गेले.

अजूनही पुलाखाली उतरले की मी कितीही धूळ असली तरी आधी स्कार्फ सोडते. मग हातोडी मारते आणि जे ऐकू येईल ते, समोर कोणी नसलं तरी, ओठ नीट हलवून म्हणते.