टॅबीमावशीचा थर्मामीटर

इंग्लंडातल्या लँकशर परगण्यातल्या त्या गिरणगावातली निम्मी पोरं टॅबिथा ग्रीनहॉलच्या हातून जगात आली होती. गल्लीत सगळे तिला टॅबीमावशी म्हणत. मग नवा कायदा आला, जुन्या सुइणींची नावं सरकारदरबारी नोंदली गेली आणि साठी गाठलेल्या मावशीच्या डोक्यावर एक तपासनीस येऊन बसली, नगरपालिकेची मिस प्रॉक्टर.

मिस प्रॉक्टरची सायकल कोपऱ्यावर दिसली, की मावशी मागच्या दाराने पसार. धुवट झगा, जंतुनाशक कार्बॉलिकची बाटली, हे सगळं तिने कुरकुरत का होईना पत्करलं होतं. पिशवीतली तपकिरीची डबीसुद्धा बाहेर काढली होती. धास्ती होती ती थर्मामीटरची. मावशीला आकडे वाचता येत नव्हते. ती तो बाळंतिणीच्या जिभेखाली ठेवायची, उजेडात धरून डोळे बारीक करायची आणि "झकास" म्हणून झटकून टाकायची.

शेवटी मिस प्रॉक्टर एकदा सायकल कोपऱ्यावरच टेकवून पायी मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. मावशी थेट तिच्या अंगावर आदळली. आत येऊन मिसने थर्मामीटर कोमट पाण्यात बुडवला आणि विचारलं, किती? मावशीने चष्म्याला दोष दिला, ढगाळ हवेला दिला आणि मग थर्मामीटर तिच्या हातात परत दिला.

"आता माझं नाव काढून टाकाल," ती म्हणाली.

"पाऱ्याची रेघ दिसते ना?"

"न दिसायला मी काय आंधळी आहे?"

मिसने लाल लाख वितळवून एका आकड्यापाशी बारीक ठिपका दिला. पारा याच्या पुढे गेला की डॉक्टर. विचार करत बसायचं नाही.

लवकरच नेली क्रॅबट्री बाळंत झाली. दोन-तीन दिवसांनी पारा ठिपक्याच्या पुढे गेला. नेली तर हसत होती, गालही गुलाबी होते. डॉक्टरचं नाव काढताच सासूने नाक मुरडलं.

"टॅबे, आजवर तुला कधी लागला होता का डॉक्टर?"

एक-दोघींच्या वेळी लागला असता, हे मावशीला तिथेच उमगलं.

"तेव्हा मला कळत नव्हतं," ती म्हणाली. "माणूस पाठव, नाहीतर मीच जाते."

डॉक्टर आला. नेलीचा ताप बरेच दिवस हटला नाही, पण ती वाचली. डॉक्टरला मीच बोलावलं, असं सासू गावभर सांगत सुटली. मावशीने सांगू दिलं.

पुढच्या खेपेला मावशीने मिस प्रॉक्टरला बसवून चहा पाजला, बटाट्याचं सारण भरलेली पेस्ट्री वाढली आणि तिचं लग्न नेमकं कुठे अडलंय याची अशी कसून चौकशी केली, की तपासणीचं एक अक्षर काढायला मिसला सवडच मिळाली नाही.