पाटलांच्या हातातली माती

कचेरीतले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. बदली झाली की कळतं, दप्तर तिथंच राहिलं आणि किस्से तेवढे बरोबर आले! आणीबाणीच्या आगेमागे मी पौडला सीलिंगच्या जमिनींचा कारकून होतो. कायद्यापेक्षा जास्त असेल त्याची काढायची, भूमिहीनाला द्यायची, एवढंच काम. पण वाटप म्हटलं की प्रत्येकाचं घराणं बोलायला लागायचं.

*

आमचे साहेब पुण्याच्या पेठेतले. सीलिंगच्या कामात भलतेच उत्साही. मला वाटलं, समाजवादी असावेत. एकदा चहा पिताना म्हणाले, "अहो, कूळकायद्यात आमची सगळी गेली. आता यांचीही जाऊ दे की!"

*

एका गावचे पाटील उरुसाला अख्ख्या गावाला जेवू घालायचे. त्यांची दोन एकर कोंडाबाईला मिळणार होती. ती बौद्धवाडीतली विधवा, जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेली. मी नोटीस दिली तर पाटील भडकले. "माज्या दारात पदर पसरू दे, चार एकर देतो. कायद्यानं एक गुंठा न्हाई!"

मी निरोप पोचवला. कोंडाबाई भाकरी थापत होती. "माजी सासू खळ्यावर बलुत्याला पदर पसरायची. दीक्षा घेतली तवाच आमी ते सोडलं. मला दोनच द्या, पर कायद्यानं!"

चार सोडून दोन मागणारा अर्जदार मी पहिल्यांदाच पाहिला.

*

बाजारातले किराणावाले बाबूभाई वाटपाच्या बाजूचे, पण पद्धतीवर नाराज. आम्ही कर्ण्यावरून नावं पुकारली तेव्हा म्हणाले, "आमी रमजानात गरिबाला जकात देतो तवा शेजाऱ्यालाबी कळू देत न्हाई. तुमी साऱ्या बाजाराला सांगताय, ह्यो गरीब हाय म्हणून!"

मी ते साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी कर्ण्याचा आवाज कमी करायला लावला.

*

पाटलांनी स्थगितीसाठी बरीच धावाधाव केली, जमली नाही. ताब्याच्या दिवशी मोजणी झाली, दगड रोवले, कोंडाबाईनं अंगठा दिला. पाटील येतील असं वाटलं नव्हतं. ते फेटा बांधून, गाव गोळा करून आले! वाकले, मूठभर माती उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोंडे, पसर पदर. माज्या हातानं दान देतुया."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिला राहायचं त्याच गावात होतं. मला खरंच तिची काळजी वाटली.

कोंडाबाईनं पदर कमरेला खोचला.

"खाली ठेवा ती, पाटील. दुसऱ्याच्या रानातली माती उचलू न्हाई!"