बाबांचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा

परवा मुलाच्या लेंग्याची नाडी नेफ्यात गेली. सेफ्टी पिनेसाठी आईचा जुना पत्र्याचा डबा उघडला, गंजाचा नि कापराचा वास आला आणि मी थेट सातवीच्या वर्गात पोचले.

बाबांची बँकेतून बदली होऊन आम्ही नुकतेच नागपूरहून सॉल्ट लेकला आलो होतो. मला बंगाली येत नव्हतं आणि इंग्रजीचीही बोंबच होती. इंग्रजीच्या मिसनी क्रियापदं शिकवताना सांगितलं, "उद्या प्रत्येकीने 'पुल थ्रू' करून दाखवायचं." म्हणजे एखादी वस्तू भोकातून ओढून पलीकडे काढायची. बाकीच्या मुलींनी सुई-दोरा आणला. मला आईने बाबांचा लेंगा दिला. "याहून सोपं काही नाही," म्हणाली.

वर्गासमोर मी लेंगा उलगडला आणि एकच हशा पिकला. माझे कान तापले. त्यात अर्ध्या वाटेत पिन उघडून नेफ्यात रुतली. आता रडू फुटणार, तेवढ्यात मिस उठल्या. त्यांनी बांगडीला अडकवलेली स्वतःची पिन काढली आणि नाडी अशी सराईतपणे ओवून बाहेर ओढली की वर्ग चिडीचूप.

"हसल्या त्या सगळ्यांनी उद्या आपापल्या बाबांचा आणायचा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एकोणीस लेंगे आले. मिसनी ते वह्यांसारखे तपासायला घरी नेले. मी जिंकल्यासारखी मिरवले.

त्या संध्याकाळी ऑफिसातून परतलेल्या एकोणीस बाबांनी काय नेसलं असेल, हा विचार मात्र मला परवा, हातात पिन धरून, पहिल्यांदाच आला.