एका घरात दोन सुजाता

शिवणाच्या दुकानात कात्रणं आणि किस्से, दोन्ही सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा साठतातच. त्यातून आमच्या सौंसरच्या दुकानात तीन मशिनी आणि तिन्हींवर सुजाता! मालकीण सुजाताकाकू, मधली मी आणि धाकटी सावरगावची. तिला आम्ही सुजू म्हणतो. एके काळी इकडे हे नाव घरटी एक होतं, त्याचं फळ आम्ही भोगतो आहोत.

*

माझं नाव बाबांनी ठेवलं, सिद्धार्थाला खीर देणाऱ्या सुजातावरून. काकूंचं त्यांच्या आत्यानं ठेवलं, का ते आत्यालाही सांगता आलं नाही. अर्थ म्हणाल तर चांगल्या कुळात जन्मलेली. काकूंच्या सासूबाईंनी तो ऐकला आणि तोंड वाकडं केलं.

"म्हणजे सारं कौतुक माहेरचंच. सासरचं काहीच नाही का त्यात?"

*

एकदा दिवाळीच्या गर्दीत एक बाई ब्लाउज मागायला आली. सुजाताजवळ दिला होता म्हणे. तिघींनी कपाट उपसलं, तिघी एकमेकींवर चिडलो, काकूंनी तर नवा शिवून द्यायचीही तयारी केली. मग कळलं, तिनं तो बसस्टँडजवळच्या दुकानात दिला होता. तिथे चौथी सुजाता आहे!

*

बुद्धपौर्णिमेला आमच्या मोहल्ल्यात खीर सुजातानंच करायची, अशी रीत पडली आहे. पहिल्या वर्षी मी करपवली. शेजारचे आजोबा वाटीभर खाऊन एवढंच म्हणाले, नावावर जाऊ नये माणसानं. तेव्हापासून काकू येऊन खीर करतात आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावते.

*

मग सुजूचं लग्न पांढुर्ण्याला ठरलं. सासूचं नावही सुजाता! आम्ही पोट धरून हसलो, पण सासूबाई मापं द्यायला आल्या त्या ठरवूनच आल्या होत्या.

"एका घरात दोन सुजाता नाही चालत. पोरीचं नाव बदलून टाकू."

सुजूची मशीन थांबली. तिला आपलं नाव सोडायचं नव्हतं आणि लग्नाआधीच सासूशी वाद घालायची हिंमतही नव्हती. मला फार वाईट वाटलं. काकूंनी टेप गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं, तुमचं हे नाव माहेरचंच का? सासूबाई पिशवी उचलून निघून गेल्या.

लग्नाच्या दिवशी तांदळाचं ताट समोर आलं. नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यात नवरीचं नाव लिहायचं असतं. तो अंगठी धरून आईकडे बघत राहिला. सासूबाई पुढे आल्या, त्याच्या हातातून अंगठी घेतली आणि वाकून स्वतःच लिहिलं, सिंधू.

सुजूचे डोळे भरून आले. बायका म्हणाल्या, छान नाव आहे, नवरीला शोभते.

"नवरीचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाआधी माझं होतं ते. आता मले सिंधू म्हणत जा. सुजाता हिलेच राहू द्या."

मागे बसलेले सासूबाईंचे माहेरचे, मोहगावचे म्हातारे भाऊ खुर्चीला धरून उठले.

"सिंधे, जेवली का वं तू?"