तीन दिवस थांब

दारात आलेल्या विद्यार्थ्याला हाकलून लावणारा प्राध्यापक मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की त्यांनीच मला शिकवलं. जून लागला की आमच्या कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक मोटारसायकली काढून गावोगाव पोरं गोळा करत फिरायचे. पुस्तकं फुकट, हजेरीचं आम्ही बघून घेऊ, नुसतं नाव द्या, अशी त्यांची बोली. संस्कृतचे आमचे सर मात्र विभागाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि आलेल्याला आधी विचारायचे, "घरी कुणी समजावणारं न्हाय का तुला?"

त्यातूनही पोरगं हललं नाही, की सर म्हणायचे, "तीन दिवस थांब. मग बघू." या तीन दिवसांत फॉर्मला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी सर समोर बसवून सांगायचे, की या विषयाला नोकरी नाही, असली तर ती तुझ्यासाठी नाही, आणि लग्नाच्या बाजारात या पदवीला कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी जळकोटला मारुतीकडे पाठवायचे. तिसऱ्या दिवशी आई किंवा बाप सोबत यायला हवा आणि त्यानं सरांच्या डोळ्यांत बघून 'आमची हरकत नाही' म्हणायला हवं. कॉलेजातली वात्रट पोरं याला 'सरांचा तिसरा' म्हणत आणि राख सावडायला कधी येऊ, असं आम्हाला विचारत. आम्हीही हसायचो. आता तो विनोद आठवला की बरं वाटत नाही.

मारुती हा सरांचा पहिला विद्यार्थी. विद्यापीठात पहिला आलेला. सरांनीच त्याला दहा वेळा घरी जाऊन, बापाचे पाय धरून या विषयात आणलं होतं. पुढं नोकरी लागली नाही, लग्न मोडलं, आणि आता तो हायवेवरच्या वजनकाट्यावर ट्रकांच्या पावत्या फाडतो. मी गेलो तेव्हा त्यानं मला चहा पाजला, स्टुलावर बसवलं आणि आपलं काम करत राहिला. मी विचारलं, "सरांनी तुम्हाला काय सांगायला लावलंय?" तो म्हणाला, "ऐकायला काय न्हाय इथं. बघून जा फक्त." मी तासभर बघितलं. तरी तिसऱ्या दिवशी वडलांना घेऊन मी सरांपुढं उभा राहिलो.

एकदा आत घेतलं की हाच माणूस आईसारखा. डबा दोन माणसांचा आणायचे आणि आपण उपाशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आमच्यावर असायची. परीक्षेच्या आधी घरी येऊन धडा म्हणून घ्यायचे. माझ्या आईपुढं ओट्यावर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "माय, पाठ केलेलं म्हणजे पोटातली भाकर. कुणाच्या बापाला काढून घेता येत न्हाय." आई मान डोलवायची आणि ते गेल्यावर मला विचारायची, की एवढ्या शहाण्या माणसाच्या चेहऱ्यावर सारखं भ्यायल्यासारखं का असतं?

एम.ए. झाल्यावर मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर लागलो, म्हणजे तास घेतला तर पगार. विभाग आटत चालला होता. दर उन्हाळ्यात आमच्या वर्गातली दोन-चार बाकं वाणिज्यवाले उचलून न्यायचे, आणि जूनमध्ये ती परत मागायची आमच्यावर कधी वेळ यायची नाही. मी एकदा धीर करून म्हणालो, "सर, आता तरी नियम सोडा. पोरं दारातून परत जातात." ते म्हणाले, "जाऊ दे. मारुतीला मी थांबवलं असतं तर?"

मग ते वर्ष आलं. वर्ग चालवायला जेवढी नावं लागतात त्यात एक नाव कमी होतं, आणि प्रवेशाचं पोर्टल बंद व्हायला दोन दिवस उरले असताना आरती आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, काटकुळी, बोलताना खाली बघणारी. बारावीला संस्कृत तिनं शिक्षकाशिवाय केलं होतं. सरांनी तिला दोन श्लोक म्हणायला लावले. तिनं म्हटले, आणि सर उठून खिडकीपाशी गेले. मला वाटलं, आता सुटलो. पण वळून ते म्हणाले, "तीन दिवस थांब."

मी हात जोडले. पोर्टल परवा संध्याकाळी बंद होतंय म्हणालो. सर म्हणाले, "मुदतवाढ येती. दरवर्षी येती." ते खरंही होतं. आमच्याकडे शेवटच्या तारखेला शेवटची तारीख कुणीच मानत नाही. मुदतवाढीचं परिपत्रक आल्याशिवाय प्रवेश सुरू झाल्यासारखं वाटतच नाही. तरी मी आरतीची कागदपत्रं घेऊन तिचा फॉर्म गुपचूप भरून ठेवला. फक्त शेवटचं बटण दाबायचं होतं. शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत मी संगणकापुढं बसून होतो आणि ते बटण दाबलं नाही. सरांचा शब्द मोडायची मला भीती वाटली. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

त्या वर्षी मुदतवाढ आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आरती बापाला घेऊन आली. त्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं. सरांच्या डोळ्यांत बघून तो म्हणाला, "आमची हरकत न्हाय, सर. तिच्या मामानं स्थळ आणलं हुतं, त्याला मी न्हाय म्हणून आलो." सरांनी सांगितलं काय झालं ते. तो मग म्हणाला, "तुमीच म्हणले तीन दिवस. आमी तिसऱ्या दिवशी आलो." त्याचा आवाज जरासुद्धा चढला नाही. सर त्याच दुपारी विद्यापीठात गेले, दोन दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरले आणि रिकाम्या हातानं परतले. विभाग बंद झाला. सर त्याच वर्षी निवृत्त होऊन गावी गेले. आरतीचं लग्न दिवाळीनंतर लागलं.

हे मी सरांना सांगितलं नाही. त्यांनी फोनवर विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की ती बाहेरून परीक्षा देतेय. एकदा बोललो आणि अडकलो. पहिलं वर्ष झालं, दुसरं झालं, चांगले गुण पडले, असं मी दर वर्षी तिला पुढच्या वर्गात ढकलत राहिलो. सरांचा आवाज सुधारला. मला वाटलं, म्हाताऱ्या जिवाला तेवढाच आधार.

काल त्यांचा फोन आला तो फार आनंदाचा. गावातली एक मुलगी संस्कृतला यायचं म्हणतेय. मी आता जिल्ह्याच्या ठिकाणी तासिकेवर आहे, तिला माझ्याकडे पाठवायची होती. मी म्हणालो, आजच पाठवा, पोर्टल परवा बंद होतंय. सर हसले. "तीन दिवस थांबवलंय तिला. आरतीचं बघ ना. ज्याला शिकायचंय तो शिकतोच. माझा नियम काय चुकला न्हाय."

मी फोन ठेवला. रात्रभर झोप नव्हती. आज सकाळी पुन्हा लावला आणि सगळं सांगितलं. लग्न, सासर ईट गावी, दोन लेकरं. बाहेरून परीक्षा कधीच नव्हती. बटणाचंही सांगितलं.

मग सर म्हणाले, "या पोरीला आत्ताच्या आत्ता गाडीत बसवतो. ती पोचली की फॉर्म भर. मला विचारू नको."

"भरतो, सर."

"आणि मारुतीला भेटून जळकोटवरनं ईटला जायला गाडी किती वाजता असती?"