आत्यांनी थांबवलेला नकाशा

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना आत्या म्हणत. घरी मात्र हाक मारायला कुणी नव्हतं. पंप कधी चालू, कधी बंद, हे ठरवणारा प्रोग्राम त्यांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी लिहिला आणि तेव्हापासून लेकरासारखा सांभाळला.

आता सगळ्यांचं काम एकाच नव्या सर्व्हरवर जाणार होतं. साहेब म्हणाले, "आत्या, तुमचा प्रोग्राम शुक्रवारपर्यंत तिथे बसवा. नाहीतर, कसंय, विकतचा आणू."

जुना प्रोग्राम नव्या सिस्टिमवर थेट चालेना, म्हणून आत्यांनी मधे एक दुभाष्या प्रोग्राम घातला. बुधवारी पंपाचा प्रोग्राम सुरू झाला आणि जुन्या शिरस्त्याप्रमाणे त्याने, प्रत्येक चालू प्रोग्रामला मिळतो तसा, स्वतःचा नंबर फाइलीत लिहिला. आत्यांनी तो वाचला, ३१४८, आणि नीट बंद होतो का हे पाहायला ३१४८ला थांबायचा हुकूम सोडला.

पंपाचा प्रोग्राम ढिम्म. पलीकडच्या टेबलावरून नकाशेवाले म्हणाले, "अहो, माझा नकाशा कुठे गेला? सकाळपासूनची मेहनत पाण्यात."

"पाणीपुरवठाच आहे हा," टायपिस्टबाई म्हणाल्या. "आणि सर्व्हर नवा. नव्या नवरीचे नखरे."

आत्यांनी चालू प्रोग्रामची यादी काढली आणि एकेक नंबर ताडून पाहिला. ३१४८ हा दुभाष्याने दिलेला नंबर. खालच्या सिस्टिमने त्याच प्रोग्रामला ५९०२ दिला होता, आणि तिच्या लेखी ३१४८ होता नकाशेवाल्यांचा प्रोग्राम. हुकूम सिस्टिमला, नंबर दुभाष्याचा. एका प्रोग्रामला एकच नंबर, हे इतकी वर्षं गृहीत धरलेलं.

कुणालाही काही कळलं नव्हतं. गप्प बसलं तर प्रोग्राम वाचत होता. आत्या उठल्या.

"नवरीला बोल लावू नका. नकाशा मी बंद केला."

"असू द्या हो," नकाशेवाले म्हणाले, आणि खुर्ची फिरवून पाठमोरे झाले.

साहेबांनी ऐकून घेतलं. "सोमवारपर्यंत घ्या. पण, कसंय, मागच्या खोलीत, वेगळ्या मशीनवर. तिथे दुसऱ्या कुणाचं काही चालत नाही."

मागच्या खोलीत आत्यांनी हुकुमाआधी चार ओळी घातल्या: फाइलीतला नंबर घ्यायचा, दुभाष्याला विचारायचं, 'सिस्टिम याला काय म्हणते?', आणि मगच थांबवायचं. शनिवारी दुपारी पाच वेळा सुरू केलेला प्रोग्राम पाचही वेळा मुकाट थांबला. त्यांनी साहेबांना फोन लावला.

"आपलाच थांबतोय. दुसऱ्या कुणाला धक्का नाही."

"वा. मग राहिला तुमचा प्रोग्राम. आणि, कसंय, आता तिथेच बसा की. निवांत आहे."

"हो, निवांत आहे," आत्या म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी एक जुना कीबोर्ड ऑफिसकडे उघडणाऱ्या दाराला टेकवला, ते आपोआप मिटू नये म्हणून.